जहाजासाठी काढलेलं स्केच जहाजाला लागलंच नाही, पण त्यातून जगाला वाफेवर चालणारा घण मिळाला

रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेलं लोहाराचं कुटुंब तुम्ही पाहिलं असेल. एक जण भाता चालवतो, दुसरा सांडशीत लालबुंद लोखंड धरून ऐरणीवर ठेवतो आणि समोर उभी असलेली बाई डोक्यावरून घण आणून बरोबर त्याच जागी घालते. कोयता, कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ असं सगळं याच घणाखाली तयार होतं.

पण समजा, लोखंडाचा तुकडा विळ्याएवढा नाही. तो झाडाच्या बुंध्याएवढा जाड आहे आणि वजन काही टनांत आहे. मग घण कोण उचलणार?

१८३९ मध्ये इंग्लंडसमोर नेमका हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर एका चित्रकाराच्या मुलानं वहीच्या पानावर काढलं. नाव जेम्स नॅस्मिथ.

त्याच्या स्टीम हॅमरनं पुढं जहाजं, पूल आणि रेल्वेची इंजिनं घडवली. त्याला अमाप पैसा मिळवून दिला. पण शोध नक्की कुणाचा, यावरून वाद झाला, आणि त्याच्या कारखान्यातल्या यंत्रांनी शेकडो कारागिरांची जागाही घेतली.

हा माणूस कोण होता, जरा सविस्तर बघू.

घर चित्रकाराचं, नाद लोखंडाचा

जेम्स नॅस्मिथचा जन्म १९ ऑगस्ट १८०८ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरातला. वडील अलेक्झांडर नॅस्मिथ हे स्कॉटलंडचे नावाजलेले चित्रकार. कवी रॉबर्ट बर्न्सचं जे चित्र आज सगळीकडे दिसतं, ते त्यांनीच काढलेलं. जेम्सचा भाऊ चित्रकार, बहिणीही चित्रकार.

पण वडिलांना आणखी एक नाद होता. घरातच त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. फावल्या वेळात ते तिथं पुलांचे, यंत्रांचे नमुने बनवायचे. लहानगा जेम्स ब्रशपेक्षा कानशीत आणि हातोडीत जास्त रमायचा.

शाळेत त्याचं लक्ष कधी लागलं नाही. त्या काळात काडेपेटी नव्हती. विस्तव पेटवायला गारगोटीवर पोलादाचा तुकडा घासून ठिणगी पाडायचे. जेम्स जुन्या कानशींपासून असे तुकडे बनवायचा आणि वर्गातल्या मॉनिटरांना द्यायचा. बदल्यात पाठांतरातून सुटका. लाच म्हणा किंवा पहिला धंदा म्हणा.

त्याच्या एका मित्राच्या वडिलांचा लोखंड ओतायचा कारखाना होता. शाळा सुटली की जेम्स तिथं. साचा कसा भरायचा, लोखंड कसं ओतायचं, तापवून कसं घडवायचं, पोलादाला पाणी कसं द्यायचं हे तो तिथल्या कारागिरांकडून बघून आणि करून शिकला. बारा वर्षांचा असताना त्यानं शाळा सोडली आणि पुढं एडिनबराच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये विज्ञानाचे वर्ग केले. घरी झोपायच्या खोलीतच त्यानं पितळ ओतायची छोटी भट्टी मांडली. वाफेच्या इंजिनाची मॉडेल्स बनवून विकायची आणि त्यातून फी भरायची, असा त्याचा हिशोब होता.

विशीच्या आतच त्यानं आठ माणसं नेणारी, वाफेवर चालणारी गाडी बनवून एडिनबराजवळच्या रस्त्यावर पळवून दाखवली.

आठवड्याला दहा शिलिंग

त्या वेळी यंत्र बनवणाऱ्यांच्या जगात एक नाव सगळ्यात मोठं होतं, ते म्हणजे लंडनचे हेन्री मॉड्सली. हा माणूस स्वतः पोरवयात लोहारकामात हात काळे करून वर आलेला. त्याच्या कारखान्यात शिकायला मिळावं म्हणून श्रीमंत घरातली पोरं रांगा लावायची. पण शिकाऊ पोरं घेणं मॉड्सलीनं बंद केलं होतं.

१८२९ मध्ये जेम्स वडिलांना घेऊन लंडनला गेला. सोबत स्वतः बनवलेलं छोटं इंजिन आणि स्वतः काढलेली ड्रॉइंग्ज. मॉड्सलीनं आधी नकार दिला. पण इंजिन आणि ड्रॉइंग्ज बघितल्यावर त्याचं मत बदललं. जेम्सला शिकाऊ म्हणून नाही, तर थेट स्वतःचा खासगी मदतनीस म्हणून ठेवून घेतलं.

पगार ठरला आठवड्याला दहा शिलिंग. जेम्सनं ठरवलं, वडिलांकडून एक पैसा मागायचा नाही. खर्च भागावा म्हणून त्यानं स्वतःच एक छोटी शेगडी बनवली. सकाळी त्यात मांस-भाजी ठेवून जायचं, संध्याकाळी आलं की जेवण तयार.

१८३१ मध्ये मॉड्सली वारला. जेम्सकडे आता शिक्षण होतं, हातात कसब होतं, पण भांडवल नव्हतं.

मजला फुटला आणि नशीब उघडलं

१८३४ मध्ये त्यानं मँचेस्टर गाठलं. कापड गिरण्यांचं शहर, म्हणजे यंत्रांना मरण नाही. एका जुन्या गिरणीत वरच्या मजल्यावर त्यानं भाड्यानं जागा घेतली आणि यंत्रं बनवायला सुरुवात केली. काम वाढत गेलं, तशी यंत्रंही जड होत गेली.

खालच्या मजल्यावर एक काच कापणारा कारागीर होता. एके दिवशी एका इंजिनाची वीस फुटी तुळई हलवताना तिचं टोक सटकलं आणि जमीन फोडून थेट काचेच्या दुकानात घुसलं. झालं, जागा सोडायची वेळ आली.

जेम्सनं मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट इथं जागा बघितली. एका बाजूला ब्रिजवॉटर कालवा, दुसऱ्या बाजूला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे. माल आणायला पाणी, न्यायला रूळ. १८३६ मध्ये तिथं त्याची ब्रिजवॉटर फाउंड्री उभी राहू लागली. हॉलब्रुक गॅस्केल हा भागीदार पैसा आणि हिशोब बघायचा, यंत्रं जेम्स बघायचा.

एक पत्र आलं

आता येऊ मुख्य किश्श्याकडे.

त्या काळात इंजिनियर ब्रुनेल 'ग्रेट ब्रिटन' नावाचं अवाढव्य लोखंडी जहाज बांधत होता. जहाजाच्या दोन्ही बाजूंना मोठी चाकं लावायची आणि ती पाणी मागं ढकलणार, असा मूळ बेत होता. ही चाकं फिरवायला एक आडवा दांडा लागणार होता. त्याचा व्यास होता जवळपास ३० इंच. म्हणजे अडीच फूट जाडीचा घडीव लोखंडी दांडा.

जहाज कंपनीचे इंजिनियर फ्रान्सिस हम्फ्रीज यांनी इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या भट्टीवाल्यांकडे विचारणा केली. एवढा दांडा घडवायची तयारी कुणाचीच नव्हती. शेवटी त्यांनी नॅस्मिथला पत्र लिहिलं.

पण अडचण नेमकी काय होती?

हे समजायला लोहाराच्या ऐरणीपाशी परत जावं लागेल.

लोहारकामात दोन हातोडे असतात. मुख्य लोहाराच्या हातात छोटा हातोडा. त्यानं तो घाव कुठं घालायचा हे टिचकी मारून दाखवतो. समोरच्याच्या हातात लांब दांड्याचा जड घण. तो दाखवलेल्या जागी जोर लावतो. डोकं लोहाराचं, ताकद घणवाल्याची.

पण माणसाच्या ताकदीला मर्यादा आहे. घण जास्त जड केला तर तो उचलताच येणार नाही, आणि उचलला तरी नेम राहणार नाही. हलका ठेवला तर जाड लोखंडावर त्याचा परिणाम फक्त वरवर होतो. वरचा थर दबतो, गाभा तसाच राहतो.

आणि गाभाच महत्त्वाचा होता. कारण तेव्हा मोठा दांडा एका तुकड्यातून बनत नव्हता. लोखंडाच्या बऱ्याच पट्ट्या एकत्र बांधायच्या, पांढऱ्या होईपर्यंत तापवायच्या आणि घाव घालून एकजीव करायच्या. घाव आतपर्यंत पोचला नाही तर बाहेरून दांडा अखंड दिसतो, पण आतले सांधे कच्चे राहतात. असा दांडा भर समुद्रात तुटला तर काय होईल, हे सांगायला नको.

माणसाच्या घणाला पर्याय म्हणून कारखान्यांत यांत्रिक घण होते. लांब तुळईच्या टोकाला हातोडा, आणि पाणचक्की किंवा वाफेचं इंजिन ती तुळई उचलून सोडणार. साधारण आपल्याकडच्या पायानं चालवायच्या ढेकीसारखी रचना. पण त्यात एक मोठी खोट होती. हातोडा ठराविक उंचीपर्यंतच वर जायचा. ऐरणीवर पातळ पट्टी असेल तर तो लांबून जोरात आदळायचा. पण जाड तुकडा ठेवला की मधली जागाच भरून जायची आणि हातोड्याला पडायला उंची उरायची नाही.

म्हणजे जिथं सगळ्यात जोरदार घाव हवा, तिथंच सगळ्यात कमजोर घाव बसायचा.

वहीचं एक पान

नॅस्मिथला चूक कुठं आहे ते लगेच दिसलं. तुळई कितीही मोठी केली तरी हा दोष जाणार नाही. मग तुळईच काढून टाकली तर?

हातोडा सरळ उभा वर जावा आणि सरळ खाली पडावा. त्याच्या बरोबर डोक्यावर वाफेचा सिलिंडर. सिलिंडरमधल्या दट्ट्याचा दांडा थेट हातोड्याला जोडलेला. खालून वाफ सोडली की हातोडा वर जाणार, वाफ बाहेर सोडली की स्वतःच्या वजनानं खाली येणार. मधे ना चाक, ना पट्टा, ना तुळई.

जाड तुकडा असेल तर यंत्र तेवढं उंच बांधायचं. हलका घाव हवा असेल तर हातोडा अर्ध्यावर सोडायचा, किंवा वाफ हळूहळू बाहेर सोडून त्याला अलगद उतरवायचं.

नॅस्मिथला शब्दांपेक्षा चित्रात विचार करायची सवय होती, वडिलांकडून आलेली. त्याची एक 'स्कीम बुक' नावाची वही होती. २४ नोव्हेंबर १८३९ या तारखेचं स्टीम हॅमरचं स्केच त्या वहीत आहे. स्वतः नॅस्मिथनं सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे पत्र आल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळी कल्पना कागदावर उतरली होती.

जहाज कंपनीला स्केच आवडलं. पण मधेच ब्रुनेलचा विचार बदलला. चाकं रद्द झाली आणि जहाजाला मागं स्क्रू प्रॉपेलर, म्हणजे पंखा लावायचं ठरलं. तो अडीच फुटी दांडा आता कुणालाच नको होता. दुसऱ्या भट्टीवाल्यांनीही कौतुक केलं, पण बाजारात मंदी होती. ऑर्डर एकही आली नाही.

स्केच वहीत पडून राहिलं.

फ्रान्समध्ये बसलेला धक्का

नॅस्मिथ बाहेरगावी असताना एकदा फ्रान्समधून पाहुणे कारखाना बघायला आले. ल क्रूझो इथल्या प्रसिद्ध लोखंड कारखान्याचे मालक श्नायडर आणि त्यांचे इंजिनियर फ्रान्स्वा बुर्दों. भागीदार गॅस्केलनं पाहुणचार केला आणि मोठ्या मनानं ती स्कीम बुकही उघडून दाखवली.

१८४२ मध्ये नॅस्मिथ फ्रान्सला गेला तेव्हा तो ल क्रूझोलाही गेला. तिथं त्याला एक अतिशय सुबक घडवलेला मोठा दांडा दिसला. हा कसा घडवला, असं त्यानं विचारलं. त्यावर बुर्दोंनी त्याला सांगितलं की तुमच्याच हॅमरनं, आणि शेजारच्या शेडमध्ये नेलं. तिथं स्टीम हॅमर दणदणत होता. जो त्यानं फक्त कागदावर पाहिला होता, तो दुसऱ्यांनी उभाही केला होता.

अर्थात ही नॅस्मिथची बाजू. फ्रेंच बाजूचं म्हणणं होतं की बुर्दोंनी आपली कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. श्नायडरच्या कंपनीनं १८४१ मध्ये फ्रान्समध्ये पेटंटही घेतलं होतं. आणि खरं बघायला गेलं तर वाफेवर हातोडा चालवायची कल्पना जेम्स वॅटनं १७८४ च्या पेटंटमध्येच मांडली होती. कल्पना वॅटची, पहिलं चालतं यंत्र फ्रान्सचं, आणि जगभर पोचवलं नॅस्मिथनं, असं म्हटलं तर कुणावर फारसा अन्याय होत नाही.

पण तेव्हा नॅस्मिथला एवढंच कळलं की आता थांबून चालणार नाही. पेटंटसाठी हातात पैसे नव्हते. मेहुण्यानं मदत केली आणि जून १८४२ मध्ये इंग्लंडचं पेटंट त्याच्या नावावर झालं.

टनभर वजनाखाली अंडं

पुढच्याच वर्षी पॅट्रिक्रॉफ्टमध्ये पहिला स्टीम हॅमर उभा राहिला. हातोड्याचं वजन सुमारे दीड टन. पाच किलोचा घण धरला तर असे तीनशे घण एकत्र बांधून वरून सोडल्यासारखं.

सुरुवातीला प्रत्येक घावासाठी माणसाला हातानं वाफ सोडावी लागायची. घाव आपोआप पडत राहावेत अशी यंत्रणा बसवली ती कारखान्याचे मॅनेजर रॉबर्ट विल्सन यांनी. गंमत म्हणजे, याच विल्सननी १८२० च्या दशकात स्क्रू प्रॉपेलरचे प्रयोग केले होते. ज्या प्रॉपेलरमुळे हॅमरची पहिली ऑर्डर गेली, त्या प्रॉपेलरवर काम केलेल्या माणसानंच पुढं हॅमर सुधारला.

पाहुणे आले की नॅस्मिथचा एक ठरलेला खेळ असायचा. वाइनच्या ग्लासात अंडं ठेवायचं, ते ऐरणीवर ठेवायचं आणि हॅमर सोडायचा. अंड्याचं कवच फुटायचं, ग्लासला ओरखडा नाही. लगेच दुसरा घाव असा की अख्खी इमारत हादरायची.

घडाईची बाकीची साधनंही त्यानं सुधारली. गोल दांडा सपाट ऐरणीवर ठोकला की त्याचा गाभा सैल होतो, म्हणून त्यानं इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची खाच असलेली ऐरण बनवली. त्यामुळे दांड्याला दोन्ही बाजूंनी आधार मिळायला लागला.

मग तोच हॅमर त्यानं जमिनीत खांब ठोकायला वापरला. १८४५ मध्ये डेव्हनपोर्टच्या गोदीत जुन्या पद्धतीशी त्याची शर्यत लागली. सारख्याच मापाचे दोन लाकडी खांब घेतले. नॅस्मिथच्या यंत्रानं साडेचार मिनिटांत खांब खाली घातला. माणसांच्या टोळीला त्याच कामाला बारा तास लागले.

१८५६ पर्यंत कंपनीनं ४९० स्टीम हॅमर बनवले. ते युरोपभर, रशियात, ऑस्ट्रेलियात आणि भारतातही गेले.

आणि घण मारणाऱ्यांचं काय झालं?

गोष्ट इथं संपवली तर ती अर्धीच राहील.

नॅस्मिथ कारागिरांच्या संघटनांच्या सक्त विरोधात होता. सात वर्षं शिकाऊ म्हणून काम केलेल्यांनाच कामावर घ्या, ही संघटनेची मागणी त्यानं फेटाळली. संप झाला, तेव्हा त्यानं स्कॉटलंडमधून साठहून जास्त कारागीर आणून बसवले आणि संप मोडला. ज्याच्या हातात कसब आहे त्याला काम मिळावं, शिकाऊपणाचा कागद बघू नये, असं त्याचं मत होतं. तो स्वतःही अशा कागदाशिवायच वर आला होता.

पण त्याची दुसरी बाजूही होती. आपोआप चालणाऱ्या यंत्रांवर पोरं आणि साधे मजूर बसवून त्यानं महागडे कारागीर कमी केले. १८६८ मध्ये अहवाल आलेल्या सरकारी आयोगापुढं त्यानं हे उघडपणे सांगितलं. प्रौढ कामगारांची संख्या १,५०० वरून ७५० वर आणली आणि नफा चांगलाच वाढला. ही साक्ष कार्ल मार्क्सच्या नजरेतून सुटली नाही. 'कॅपिटल' या ग्रंथात त्यानं तिचा दाखला दिला आहे.

एकच आकडा, पण नॅस्मिथला त्यात प्रगती दिसली आणि मार्क्सला घरी बसलेले ७५० कामगार. आज एआय आणि नोकऱ्यांवरून जी चर्चा चालू आहे, तिचा सूर तेव्हाही याहून फार वेगळा नव्हता.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रिटायर

१८५६ च्या अखेरीस, धंदा जोरात असताना, नॅस्मिथनं तो सोडला. वय फक्त ४८. केंटमधल्या पेन्सहर्स्ट गावात त्यानं घर घेतलं आणि त्याला नाव दिलं 'हॅमरफील्ड'.

तिथं तो आकाश बघायला लागला. खरं तर हा नाद जुनाच. दिवसा भट्टी आणि रात्री दुर्बीण, असं त्याचं बरीच वर्षं चालू होतं. त्यानं २० इंची आरशाची दुर्बीण स्वतः बनवली होती. नेहमीच्या मोठ्या दुर्बिणीत बघायला शिडीवर चढावं लागायचं. त्यानं एक जादा आरसा बसवून प्रकाश बाजूच्या आसातून बाहेर काढला. आता दुर्बीण कुठंही वळवा, बघणारा आपला खुर्चीत बसलेला.

१८५१ च्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्याच्या यंत्रांबरोबर चंद्राच्या चित्रांनाही पदक मिळालं होतं. १८७४ मध्ये त्यानं जेम्स कार्पेंटर यांच्यासोबत चंद्रावर पुस्तक काढलं. तेव्हाच्या कॅमेऱ्यात चंद्राचे डोंगर नीट यायचे नाहीत. मग त्यानं निरीक्षणावरून प्लास्टरचे डोंगर बनवले, उन्हात ठेवले आणि त्यांचे फोटो काढले. चंद्रावरचे डोंगर पृष्ठभाग आक्रसल्यानं झाले असावेत, हे पटवायला त्यानं म्हाताऱ्या माणसाचा सुरकुतलेला हात आणि वाळलेलं सफरचंद यांचेही फोटो छापले. त्याचे बरेचसे तर्क पुढं चुकीचे ठरले. चंद्रावरची विवरं ज्वालामुखींमुळे नाही, तर उल्का आदळून झाली हे आज आपल्याला माहीत आहे. पण ते फोटो आजही थक्क करतात.

७ मे १८९० रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं. दफन एडिनबरामध्ये झालं.

आज काय उरलंय?

पॅट्रिक्रॉफ्टच्या कंपनीत पुढं रॉबर्ट विल्सनचंही नाव जोडलं गेलं. नॅस्मिथ-विल्सनची रेल्वे इंजिनं भारतातही धावली. १९४० मध्ये कंपनी बंद झाली.

फ्रान्समधल्या ल क्रूझोनं १८७७ मध्ये १०० टनी हॅमर उभा केला होता. तो आज त्या गावाच्या वेशीवर स्मारक म्हणून उभा आहे. 'ग्रेट ब्रिटन' जहाज ब्रिस्टलमध्ये जपून ठेवलंय. पंख्यासकट, अर्थात.

चंद्रावर एका विवराला नॅस्मिथचं नाव आहे. आणि त्याची ती खुर्चीत बसून आकाश बघायची युक्ती? हवाईतल्या केक आणि चिलीतल्या व्हीएलटी या महाकाय दुर्बिणींत बाजूनं प्रकाश बाहेर काढायची जागा आजही 'नॅस्मिथ फोकस' म्हणून ओळखली जाते. पुण्याची आयुका संस्था ज्यात सहभागी आहे, त्या नियोजित थर्टी मीटर टेलिस्कोपच्या आराखड्यातही नॅस्मिथच्या नावाचे प्लॅटफॉर्म आहेत.

स्टीम हॅमरची जागा नंतर हायड्रॉलिक प्रेसनं आणि वीज, दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हॅमरनं घेतली. तो स्वतः आता संग्रहालयांत जाऊन बसलाय. पण ज्या घणाला तो पर्याय म्हणून आला होता, तो साधा, लाकडी दांड्याचा घण मात्र अजून गेलेला नाही. आठवडी बाजाराच्या कडेला, पावसाळ्याच्या तोंडावर, फाळ शेवटायला आलेल्या शेतकऱ्यासमोर तो अजूनही वर जातो आणि बरोबर नेमावर पडतो.